१० मिलिमीटरपासून २५ मिलिमीटरपर्यंत: प्रवाह रोखणाऱ्या प्लेटच्या जाडीचा हिशेब

सहा इंची पाण्याच्या लाईनमधल्या एका फ्लँजजोडातून, म्हणजे पाइपांच्या टोकांवरच्या रुंद कड्या बोल्टांनी आवळून केलेल्या जोडातून, संयंत्र सुरू करण्याच्या पहिल्या आठवड्यातच, पाणी ठिबकू लागले. कड्यांमधली गळती थांबवणारी मऊ चकती, म्हणजे गॅस्केट, नीट बसले नसावे असे समजून जोडाचे बोल्ट, म्हणजे स्टड, पुन्हा आवळण्यात आले. दोन दिवस ठिबकणे थांबले आणि पुढच्या वेळी पंप सुरू होताच पुन्हा सुरू झाले. शेवटी दाब उतरवून जोड उघडला आणि दोन फ्लँजांमध्ये बसवलेली, भोकातून प्रवाह मर्यादित ठेवणारी रेस्ट्रिक्शन ऑरिफिस प्लेट बाहेर काढली. ३१६ स्टेनलेस स्टीलची, १० मिलिमीटर जाडीची, मधोमध ३८ मिलिमीटर व्यासाचे भोक असलेली ती साडेचार किलोची चकती मी कार्यशाळेच्या टेबलावर ठेवली आणि तिच्या प्रवाहाकडच्या तोंडावर पोलादी सरळपट्टी आडवी धरली. पट्टी दोन्ही कडांना टेकत होती, पण भोकाच्या काठाशी तिच्याखालून उजेड दिसत होता. फीलर गेजची पाती एकेक करून घातली, तेव्हा सव्वा मिलिमीटरची फट भरली. प्लेट बशीसारखी खोलगट झाली होती आणि दाब काढल्यावरही तशीच राहिली होती.

प्रवाह मोजण्याच्या ऑरिफिस प्लेटसाठी आयएसओ ५१६७-२ या मानकात सपाटपणाची जी मर्यादा दिली आहे, ती लाईनच्या आतल्या व्यासातून भोकाचा व्यास वजा करून, त्याच्या निम्म्याच्या ०.००५ पट इतकी आहे. आमच्या १५० मिलिमीटरच्या लाईनसाठी ती ०.२८ मिलिमीटर येते. आमची प्लेट मोजण्यासाठी नव्हती, दाब खाऊन प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी होती, त्यामुळे ती मर्यादा तिला लागू नव्हती. तरीही तुलनेला आधार मिळाला, आणि वाकलेली प्लेट गॅस्केटवरचा दाब एकसारखा ठेवू शकत नाही, हे गळतीने आधीच दाखवून दिले होते. नव्या प्लेटची जाडी ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. सूत्रात आकडे घातले की तासाभरात संपेल असे मला वाटले होते. त्याला दोन आठवडे लागले, आणि जाडीचा प्रश्न निव्वळ मजबुतीचा नसतो हे मला त्या दोन आठवड्यांत समजले.

आधीची १० मिलिमीटर जाडी आली कुठून, हे मी सर्वप्रथम शोधले. जुन्या हिशेबाच्या कागदावर पाइपिंगच्या एएसएमई बी३१.३ या संहितेतले, लाईन बंद करणाऱ्या ब्लँक प्लेटचे सूत्र वापरलेले होते. त्यात तिप्पट दाबाला मान्य ताणाच्या, म्हणजे धातूवर येऊ द्यायच्या कमाल ताणाच्या, सोळा पटीने भागायचे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे, त्याला गॅस्केटच्या आतल्या व्यासाने गुणायचे आणि गंज-झिजेसाठी जी वाढ धरायची असेल ती मिळवायची. गॅस्केटचा आतला व्यास १७५ मिलिमीटर, ३१६ स्टीलचा मान्य ताण १३८ मेगापास्कल आणि दाबफरक १८ बार, म्हणजे १.८ मेगापास्कल, असे आकडे घालून ८.७ मिलिमीटर उत्तर आले होते आणि बाजारात मिळणारी पुढची जाडी म्हणून १० निवडली होती. गणितात चूक नव्हती. चूक १८ या आकड्यात होती.

१८ बार हा त्या प्लेटवरचा रोजच्या चालण्यातला दाबफरक होता. पंपाकडून ४३ बारने पाणी येते, पलीकडचे भांडे २५ बारवर चालते आणि मधला फरक प्लेट खाते. परंतु भांडे २५ बारवर येते ते संयंत्र पूर्ण चालू झाल्यावर. त्याआधी, पहिल्यांदा पाणी भरताना, त्या भांड्यात वातावरणाइतकाच दाब असतो. पंप आधी बंद व्हॉल्व्हवर चालवला जातो, त्या वेळी त्याचा दाब ५२ बारपर्यंत चढतो, आणि मग व्हॉल्व्ह उघडला की प्लेटच्या एका बाजूला जवळजवळ तेवढा दाब आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य, अशी स्थिती काही काळ राहते. प्रवाह वाढला की पंपाचा दाब उतरतो हे खरे आहे, पण प्लेटला वाकायला तेवढा काळ पुरतो. त्यामुळे जाडी ठरवताना दाबफरक धरायचा तो प्रवाहाच्या डेटाशीटवरचा नव्हे. त्या लाईनच्या आयुष्यात प्लेटच्या दोन बाजूंना जास्तीत जास्त किती फरक पडू शकतो, हे शोधावे लागते. त्यासाठी संयंत्र सुरू करणे, बंद करणे, अचानक दाब सोडणे आणि एका बाजूचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहणे, या सगळ्या प्रसंगांतून मनाने एकदा जाऊन यावे लागते. हे मी त्या वेळी संयंत्र चालवणाऱ्या माणसांबरोबर बसून केले आणि ५२ बार हा आकडा पक्का केला. याच दाबामुळे त्या लाईनला तीनशेच्या वर्गाचे फ्लँज पुरत नव्हते आणि त्याहून जास्त दाब पेलणारे सहाशेच्या वर्गाचे घेतले होते. म्हणजे फ्लँज निवडणाऱ्याने हा दाब विचारात घेतला होता, प्लेट निवडणाऱ्याने मात्र घेतला नव्हता.

त्याच सूत्रात ५.२ मेगापास्कल घातल्यावर १४.७ मिलिमीटर आले. मी १६ लिहून कागद पुढे सरकवणार होते, पण ब्लँकचे सूत्र भोक असलेल्या प्लेटला लावावे का, ही शंका मनातून जाईना. म्हणून ते सूत्र आले कुठून हे पाहण्यासाठी मी गोल चकतीच्या सिद्धांताकडे वळले.

एकसारख्या दाबाखालच्या गोल चकतीचा ताण हा दाब गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले जाडीचा वर्ग, आणि या सगळ्याला एक गुणांक, अशा रूपात येतो. चकतीची कड जर भिंतीत गाडल्यासारखी घट्ट धरलेली असेल, तर सर्वांत जास्त ताण कडेला येतो आणि गुणांक ०.७५ असतो. त्रिज्येऐवजी व्यास लिहिला की ०.७५ चे तीन-सोळांश होतात, आणि बी३१.३ च्या सूत्रातले तीन व सोळा नेमके तेच आहेत. म्हणजे ते सूत्र कड पूर्णपणे जखडलेली आहे असे मानते. उलट चकती कडेवर नुसती टेकलेली असेल, कड फिरायला मोकळी असेल, तर सर्वांत जास्त ताण मधोमध येतो आणि स्टीलसाठी गुणांक १.२४ च्या जवळ जातो. दोन फ्लँजांमध्ये, दोन स्पायरल वूंड गॅस्केटांच्या मध्ये धरलेली प्लेट या दोहोंच्या मध्ये कुठे तरी असते. गॅस्केट मऊ असते, दाबले जाते, सैल पडते. ते प्लेटची कड फिरू देणार नाही असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटले. कड मोकळी धरून जाडी काढली, ती १८.९ मिलिमीटर आली.

अजून भोक हिशेबात आलेच नव्हते. प्लेटला भोक पडले म्हणजे दाब झेलणारे क्षेत्रफळ कमी होते, त्यामुळे भारही कमी होतो आणि ब्लँकचे सूत्र सुरक्षित बाजूलाच राहते, असा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला होता. भार कमी होतो हे बरोबर आहे. आमच्या बाबतीत तो पाच टक्क्यांहूनही कमी होत होता. पण मधोमध, जिथे टेकलेल्या चकतीचा ताण सर्वांत जास्त असतो, तिथेच आपण भोक पाडतो आणि त्याच्या काठावर परिघाच्या दिशेचा ताण साचतो. भोक अगदी लहान असेल तर हा ताण भोक नसतानाच्या मध्यावरील ताणाच्या जवळजवळ दुप्पट होतो. कड जखडलेली धरली तरीही लहान भोकाच्या काठावरचा ताण कडेच्या ताणापेक्षा जास्त निघतो. बाहेरच्या आणि आतल्या व्यासाचे गुणोत्तर आमच्याकडे ४.६ होते आणि त्यासाठी तक्त्यांतून गुणांक २.१५ च्या आसपास मिळाला. त्यावरून जाडी २४.९ मिलिमीटर आली.

म्हणजे एकाच प्लेटसाठी, एकाच दाबाखाली, माझ्यासमोर १४.७, १८.९ आणि २४.९ असे तीन आकडे होते, आणि तिन्ही बरोबर होते. फरक फक्त प्रत्येकाने काय गृहीत धरले होते याचा होता. भोकाच्या काठावरचा ताण हा थोड्याच भागातला आणि वाकण्याचा असतो. तिथे धातू थोडा शरण गेला, म्हणजे कायमचा वाकला, तरी भार शेजारच्या भागाकडे सरकतो, म्हणून अशा ताणाला मान्य ताणाच्या दीडपटीपर्यंत जाऊ देण्याची पद्धत दाबपात्रांच्या नियमांत आहे. ती सवलत घेतली तर २०.३ मिलिमीटर पुरले असते. मी ती घेतली नाही. वजन किंवा जागा यांची फारशी अडचण नव्हती आणि एक प्लेट वाकलेली मी हातात धरून पाहिली होती. मी २५ मिलिमीटर लिहिले, भोक ३८ मिलिमीटर सरळ आरपार असे नोंदवले आणि कागद सरांकडे तपासणीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. आकड्यांवर एकही खूण नव्हती. समासात पेन्सिलने एकच ओळ होती: "आता प्रवाह किती?"

प्रश्न मला आधी समजलाच नाही. भोक तेच होते, दाब तोच होता, म्हणजे प्रवाहही तोच असायला हवा. मी सरांच्या खोलीत जाऊन तसे सांगितले. त्यांनी कोऱ्या कागदावर दोन प्लेटा काढल्या, एक पातळ आणि एक जाड, आणि दोन्हींतून जाणारे पाणी रेघांनी दाखवले. पातळ प्लेटच्या चित्रात पाणी तीक्ष्ण काठावरून आत वळते, भोकाच्या भिंतीला न शिवता आकसते आणि सर्वांत अरुंद होते ते भोकाच्या पलीकडे गेल्यावर. जाड प्लेटच्या चित्रात तेच पाणी आकसते, पण भोकाच्या आतच पुन्हा पसरते आणि भिंतीला चिकटून, भोक पूर्ण भरून बाहेर पडते. "भोक तेच आहे, पण पाण्याला ते तेवढेच दिसत नाही," असे ते म्हणाले, आणि पुढचा हिशेब मला करायला सांगितला.

तो मी केला. तीक्ष्ण काठाच्या पातळ ऑरिफिसचा प्रवाहगुणांक ०.६१ च्या आसपास असतो. म्हणजे भोकाच्या क्षेत्रफळावरून येणाऱ्या आदर्श प्रवाहाच्या एकसष्ट टक्के पाणी प्रत्यक्षात जाते. १८ बारच्या फरकाला भोकातला आदर्श वेग सेकंदाला ६० मीटर येतो, आणि ३८ मिलिमीटरच्या भोकातून ०.६१ गुणांकाने तासाला सुमारे १५० घनमीटर पाणी जाते. प्रक्रियेला हवा होता तो हाच प्रवाह. जाडी भोकाच्या व्यासाइतकी किंवा त्याहून जास्त झाली की प्रवाह भोकाच्या आत भिंतीला पुन्हा चिकटतो आणि गुणांक ०.८ च्या आसपास जातो. त्या गुणांकाने त्याच भोकातून १९६ घनमीटर पाणी गेले असते. पंपाचा वक्र, म्हणजे प्रवाह वाढला की त्याचा दाब किती उतरतो हे, लक्षात घेतला तर प्रत्यक्ष वाढ याहून कमी राहिली असती, पण पंपावरचा भार आणि पलीकडच्या भांड्यातली पातळी बिघडवण्यास ती पुरेशी होती. मजबुतीसाठी जाडी वाढवून मी नकळत प्रवाह वाढवून ठेवला होता.

त्याहून वाईट बाब अशी की आमची प्लेट या दोन टोकांपैकी कुठल्याच टोकाला नव्हती. जुन्या प्लेटमध्ये जाडी आणि भोकाचा व्यास यांचे गुणोत्तर ०.२६ होते, त्यामुळे ती निश्चितपणे पातळ प्लेटसारखी वागत होती. माझ्या नव्या प्लेटमध्ये ते ०.६६ झाले होते. साधारण अर्ध्यापासून पाऊणच्या थोडे पुढेपर्यंतच्या या पट्ट्यात पाणी भिंतीला चिकटेल की नाही हे नीट सांगता येत नाही. काठाचा तीक्ष्णपणा, प्रवाहातली खळबळ आणि पलीकडचा दाब यांवर ते अवलंबून राहते, आणि एकाच प्लेटमधून आज एक प्रवाह तर उद्या दुसरा मिळू शकतो. ज्या प्लेटचे एकमेव काम प्रवाह ठरावीक ठेवणे आहे, तिच्यासाठी याहून वाईट जागा नाही. ताणाच्या सूत्रांत हा पट्टा कुठेही दिसत नाही, कारण त्या सूत्रांना पाणी माहीतच नसते, फक्त दाब माहीत असतो.

इथून सुटायचे तर दोन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे प्लेट पुरती जाड करायची आणि तिला जाड ऑरिफिस मानून भोक लहान करायचे. ०.८ गुणांकाने १५० घनमीटरसाठी भोक ३३ मिलिमीटरच्या आसपास आले असते आणि जाडी ४० मिलिमीटर घेतली तर गुणोत्तर १.२ झाले असते. हिशेबाला ही वाट सरळ होती. मी ती सोडली, कारण संयंत्र सुरू करताना पलीकडे दाब नसतो. त्या वेळी भोकाच्या आत, पाणी जिथे आकसते त्या जागी, दाब पाण्याच्या बाष्पदाबापर्यंत उतरतो, तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि भिंतीला चिकटलेला प्रवाह सुटून मोकळ्या धारेसारखा जाऊ शकतो. म्हणजे सुरू करताना एक गुणांक आणि चालू असताना दुसरा. शिवाय बुडबुडे भोकाच्या भिंतीजवळच फुटले तर भिंत खरवडली जाते.

दुसरी वाट मोजणीच्या प्लेटांमध्ये फार पूर्वीपासून वापरात आहे. प्लेट मजबुतीला हवी तेवढी जाड ठेवायची, पण भोकाचा सरळ भाग अगदी थोडाच ठेवून पलीकडच्या बाजूला शंकूसारखा उतार द्यायचा. पाणी काठावरून वळते, आकसते आणि त्याला पुन्हा चिकटायला भिंतच मिळत नाही. आयएसओ ५१६७-२ मध्ये हा सरळ भाग लाईनच्या व्यासाच्या ०.००५ ते ०.०२ पट ठेवायला सांगितला आहे आणि उताराचा कोन ४५ अंश, कमीजास्त १५ अंश, असा दिला आहे. आमच्या लाईनला वरची मर्यादा ३ मिलिमीटर येत होती. मी तीच घेतली. ३ भागिले ३८ म्हणजे ०.०८, म्हणजे प्रवाहाच्या दृष्टीने प्लेट पुन्हा निःसंशय पातळ झाली, आणि प्रक्रियेच्या डेटाशीटवरचे ३८ मिलिमीटरचे भोक बदलावे लागले नाही.

आता उलटा प्रश्न समोर आला. मजबुतीसाठी वाढवलेला धातू मी उतार देऊन भोकाभोवतीच काढून टाकत होते. २५ पैकी ३ मिलिमीटर सरळ आणि उरलेले २२ मिलिमीटर ४५ अंशांच्या उतारात, म्हणजे पलीकडच्या तोंडावर शंकूचा व्यास ८२ मिलिमीटर. भोकाच्या काठावरचा, सर्वांत जास्त ताणलेला धातू तर गेला होता, पण त्याबरोबर तो साचलेला ताणही कुठे तरी जाणार होता. सगळ्या प्लेटचे सविस्तर संगणकीय विश्लेषण एका सहकाऱ्याने नंतर केले. मला त्याआधी हाताने काढलेले एक उत्तर हवे होते, कारण संगणकाच्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला आपल्याजवळ एक आकडा असावा लागतो.

त्यासाठी मी प्लेट मनात व्यासावरून मधोमध कापली आणि अर्ध्या चकतीचा तोल पाहिला. अर्ध्या चकतीवरचा दाब तिला एका दिशेने फिरवू पाहतो, परिघावरचा आधार उलट दिशेने, आणि उरलेले आघूर्ण, म्हणजे फिरवू पाहणारा जोर, कापलेल्या छेदाला पेलावे लागते. ते दाब गुणिले त्रिज्येचा घन भागिले तीन इतके येते. ५.२ मेगापास्कल आणि ८७.५ मिलिमीटर त्रिज्या घेतली तर सुमारे ११.६ लाख न्यूटन-मिलिमीटर. हे पेलायला मी फक्त शंकूच्या बाहेरचा पूर्ण जाडीचा भाग धरला, दोन्ही बाजूंना ४६.५ मिलिमीटर, आणि उताराचा भाग जणू नाहीच असे मानले. तरीही छेदावरचा सरासरी वाकण्याचा ताण १२० मेगापास्कल आला, म्हणजे मान्य १३८ च्या आत. तीच कसोटी मी जुन्या १० मिलिमीटरच्या प्लेटला लावली, तिचा सगळा धातू जमेस धरून, आणि ५०८ मेगापास्कल आले. ३१६ स्टीलची शरणसीमा किमान २०५ मेगापास्कल असते, आणि सगळा छेद शरण जाईपर्यंत जरी धरले तरी असा आकडा दीडपटीच्या, म्हणजे ३०८ च्या, पुढे जाऊ शकत नाही. टेबलावरची बशी या एका आकड्यात स्पष्ट दिसली. प्लेट पूर्ण दुमडली नाही याचे श्रेय फ्लँजांनी तिची कड काही प्रमाणात धरून ठेवली याला आणि प्रत्यक्ष धातू किमान आकड्यापेक्षा बळकट असतो याला द्यायला हवे. हा अर्ध्या चकतीचा हिशेब पाच ओळींचा आहे आणि मला तो सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात कुठला गुणांक कुठून आला हे विचारावे लागत नाही.

सहकाऱ्याच्या विश्लेषणात जास्तीत जास्त ताण भोकाच्या काठावरून सरकून शंकूच्या बाहेरच्या तोंडाशी आलेला दिसला आणि तो सवलतीच्या दीडपटीच्या मर्यादेत होता. २५ मिलिमीटरची भोक नसलेली चकती कडेवर टेकलेली धरून मध्यावरचे वाकणे मी हाताने काढले होते, ते ०.०७ मिलिमीटर येत होते. शंकूमुळे ते थोडे वाढणार होते, पण गॅस्केटला त्रास होण्याइतके नाही. त्यानंतर जाडी २५ मिलिमीटर कायम झाली.

वायूच्या लाईनसाठी मात्र हाच निर्णय उलटा लागू शकतो, हे इथे सांगितले पाहिजे, कारण पुढच्याच महिन्यात तसा प्रसंग आला. वायूचा प्रवाह दाबफरक वाढवला तरी एका मर्यादेपुढे वाढू नये, म्हणजे तो चोक व्हावा, अशी पुष्कळदा अपेक्षा असते. तीक्ष्ण काठाच्या पातळ प्लेटमध्ये आकसलेली धार मोकळी असते, आणि पलीकडचा दाब आणखी उतरवला की तिची रुंदी वाढत जाते. त्यामुळे ध्वनिवेग गाठल्यानंतरही प्रवाह हळूहळू वाढतच राहतो. कनिंगहॅम यांनी हे १९५१ मध्ये मांडले. ज्याला वायूचा प्रवाह खरोखर एका आकड्यावर थांबवायचा आहे, त्याने जाडी भोकाच्या व्यासाइतकी किंवा जास्त ठेवावी, उतार देऊ नये आणि प्रवाहगुणांक ०.८४ च्या आसपास धरावा. तिथे जाडी मजबुतीसाठी नव्हे तर प्रवाहासाठीच हवी असते, आणि बहुधा मजबुतीला लागते त्यापेक्षा जास्तच मिळते.

आमची प्लेट कार्यशाळेत गेली तेव्हा रेखांकनावर मी दोन जाड्या वेगवेगळ्या लिहिल्या होत्या: प्लेटची जाडी २५ आणि भोकाच्या सरळ भागाची लांबी ३. आधीच्या डेटाशीटमध्ये जाडीसाठी एकच रकाना होता. लेथवर काम करणाऱ्या कारागिराने भोक पुरे झाल्यावर सवयीप्रमाणे कानसाने काठ मोडायला घेतला. धातूचा तीक्ष्ण काठ हाताला लागू नये म्हणून तो मोडणे ही त्याच्या कामातली शिस्तच आहे. मी नेमकी तिथे उभी होते म्हणून त्याला थांबवू शकले. पाणी आकसते ते त्याच तीक्ष्ण काठामुळे. काठ गोल झाला की आकसणे कमी होते आणि गुणांक वाढतो. मोजणीच्या प्लेटसाठी काठाच्या गोलाईची त्रिज्या भोकाच्या व्यासाच्या ०.०००४ पटीपेक्षा जास्त नसावी असा नियम आहे, म्हणजे आमच्या भोकाला सुमारे ०.०१५ मिलिमीटर. आमच्या कामाला इतका काटेकोरपणा आवश्यक नव्हता, पण कानसाने मोडलेला अर्धा मिलिमीटर नक्कीच चालला नसता. आम्ही प्लेट खिडकीशी नेली आणि काठ तिरका धरून पाहिला. तीक्ष्ण काठ प्रकाश परत फेकत नाही, गोल झालेल्या काठावर चकाकती रेघ दिसते. एका जागी, जिथे कानस लागली होती, तिथे बोटाच्या पेराएवढी रेघ दिसली. कारागिराने तोंडावरून अर्ध्या मिलिमीटरचा एक काप घेतला आणि रेघ गेली. त्या कापासाठी धातू शिल्लक होता, कारण कच्ची प्लेट २८ मिलिमीटरची घेतली होती आणि प्रवाहाकडचे तोंड अजून शेवटच्या मापाला आणलेले नव्हते. यानंतर "प्रवाहाकडील काठ तीक्ष्ण ठेवावा, मोडू नये" हे वाक्य रेखांकनावर गेले.

दुसरे वाक्य दिशेविषयी होते. सरळ भोकाची प्लेट उलटी बसली तरी काही बिघडत नाही, पण उतार असलेली प्लेट उलटी बसली तर पाण्याला शंकूतून सावकाश आत शिरायला मिळते, आकसणे कमी होते आणि प्रवाह ठरवल्यापेक्षा जास्त होतो. लाईन जोडून झाल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून प्लेटच्या मुठीवर, जी फ्लँजांच्या बाहेर डोकावते, भोकाचा व्यास, जाडी, धातू आणि प्रवाहाकडची बाजू हे सर्व ठोकून उमटवून घेतले.

बसवताना १५ मिलिमीटरची वाढलेली जाडी वेगळ्याच ठिकाणी आडवी आली. दोन फ्लँजांमधली जागा जुन्या प्लेटच्या मापाने ठेवलेली होती. साखळी लावून लाईन ताणली असती तर जागा झाली असती, पण तो ताण फ्लँजांवर आणि पुढे पंपाच्या तोंडावर कायमचा राहिला असता. त्यामुळे शेजारचा पाइपचा तुकडा काढून १५ मिलिमीटरने आखूड केला, पुन्हा वेल्ड केला आणि त्याची दाबचाचणी घेतली. बारा स्टड लांब मागवले. ११ किलोची प्लेट दोघांनी धरून, मूठ वर ठेवून, दोन नव्या गॅस्केटांमध्ये सरकवली, आणि स्टड समोरासमोरच्या जोड्यांनी चार फेऱ्यांत आवळले.

पंप सुरू झाला तेव्हा मी जोडाखाली कोरडा कागद ठेवून थांबले होते. भांडे रिकामे होते, पंपाच्या गेजवर ५२ दिसले, व्हॉल्व्ह उघडताना प्लेटच्या पलीकडून खडे वाहत असल्यासारखा आवाज आला आणि भांड्यातला दाब चढत गेला तसतसा तो विरला. कागद कोरडा राहिला. संध्याकाळपर्यंत भांडे २५ बारवर स्थिर झाले आणि लाईनवरच्या मीटरने तासाला १४८ घनमीटर दाखवले. तो आकडा मी पेन्सिलने सरांच्या प्रश्नाखाली त्याच समासात लिहिला आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आले.